उभ्या रांगेचा हट्ट

दोह्याच्या नैर्ऋत्येला इंडस्ट्रियल एरिया पसरला आहे. तिथले लोक त्याला सनाय्या म्हणतात. गल्ल्या नंबरांनी ओळखल्या जातात. दोन्ही बाजूंना गॅरेजं, गोदामं, भंगाराचे ढीग, सुटे भाग विकणारी दुकानं आणि कामगारांचे कॅम्प. आकाशपाळणा शोधायचा तर शहरात जायला हवं. विलाजिओ मॉलमधलं गोंडोलानिया, मुशैरिबमधलं दोहा क्वेस्ट, लुसेलजवळच्या अल महा बेटावरचं विंटर वंडरलँड, सगळं तिकडे. मग थीम पार्कांतल्या रांगा आणि तिथली दिव्यांगांची सोय या विषयाचं स्फुट आम्ही सनाय्यातून का सुरू करतो आहोत? कारण जगातल्या बड्या पार्कांनी या प्रश्नावर जी उत्तरं शोधली ती सनाय्यातल्या माणसाला लावून पाहिली, की त्यातलं कुठलं उत्तर खरं आणि कुठलं नुसतं दिखाऊ हे लगेच कळतं.

आधी ती उत्तरं पाहू. अमेरिकेतल्या डिस्नेच्या पार्कांत वर्षानुवर्षं दिव्यांग पाहुण्याला एक कार्ड मिळत असे. पुरावा मागत नसत. कार्ड दाखवलं की तो आणि त्याचं कुटुंब बऱ्याचदा बाजूच्या दाराने आत. मे २०१३ मध्ये न्यूयॉर्क पोस्टने बातमी छापली की मॅनहॅटनमधली काही धनाढ्य मंडळी ताशी १३० डॉलर मोजून दिव्यांग ‘गाइड’ भाड्याने घेतात, म्हणजे पोरांना रांगेत उभं राहायला नको. श्रीमंतांच्या कल्पकतेला तोड नसते. त्याच वर्षी ऑक्टोबरात डिस्नेने ते कार्ड बंद केलं आणि नवी पद्धत आणली. रांग जितक्या वेळाची असेल तितक्या वेळानंतरची वेळ घ्या, तोवर सावलीत बसा, खा, बाळाला झोपवा. वेळ झाली की या.

आमच्या मते या सगळ्या इतिहासातला हा एकच क्षण शहाणपणाचा होता. त्यात एक साधी गोष्ट ओळखली होती. थांबणं सगळ्यांच्या वाट्याला सारखं यावं, त्यात कुणाला सूट नको. उभं राहणं मात्र सगळ्यांच्या वाट्याला येण्याचं काहीच कारण नाही. ज्याचा गुडघा गेला आहे, ज्याला दर तासाला शौचालय गाठावं लागतं, गर्दीच्या आवाजाने ज्या मुलाचा जीव घाबराघुबरा होतो, त्यांच्यापैकी बहुतेकांची तक्रार वाट पाहण्याबद्दल नसतेच. ती दोरखंडांच्या वेटोळ्यात, पुढच्याच्या पाठीला नाक लावून, मागे फिरायची सोय नसताना उभं राहण्याबद्दल असते.

यालाही अपवाद निघाले. ‘थोडं थांब’ हे शब्दच ज्यांना पेलत नाहीत अशा स्वमग्न मुलांच्या पालकांनी २०१४ मध्ये डिस्नेवर दावे लावले. कूपनावरची वेळ त्यांच्या मुलांच्या कामाची नाही, हे त्यांचं म्हणणं. कज्जा वर्षानुवर्षं चालला आणि २०२० मध्ये निकाल डिस्नेच्या बाजूने लागला. कायद्याने निकाल बरोबर असेलही, पण त्या मुलांचा प्रश्न त्याने सुटला असं कुणी म्हणणार नाही. प्रत्येक नियमाला असे थोडे लोक उरतात आणि त्यांच्यासाठी दारावरच्या माणसाला थोडी मोकळीक द्यावी लागते. ती द्यायला पार्क तयार नसतात, कारण दारावरचा माणूस कंत्राटी असतो आणि त्याच्या हातात काहीच नसतं.

पुढे गाडी घसरली ती पैशामुळे. १९९९ मध्ये सुरू झालेला डिस्नेचा फास्टपास फुकट होता. २०२१ पासून रांग टाळायला पैसे पडू लागले. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या प्रीमियर पासचा दर फ्लोरिडात गर्दीच्या दिवशी माणशी ४४९ डॉलरपर्यंत जाहीर झाला, तोही एका दिवसासाठी, प्रवेशाचं तिकीट वेगळं. म्हणजे रांग टाळणं हा आता विकायचा माल झाला. जो माल दुकानात विकायला ठेवला, तोच मागच्या दाराने फुकट वाटणं कुठल्या दुकानदाराला परवडेल? २०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत डिस्नेने दिव्यांगांची सोय प्रामुख्याने स्वमग्नता आणि तशा प्रकारच्या विकासात्मक अडचणी असलेल्यांपुरती आखडली. आतड्याचे विकार असलेले, सांध्यांनी जेरीस आलेले, वरून धडधाकट दिसणारे असे कित्येक लोक बाहेर राहिले. युनिव्हर्सलच्या पार्कांत तर आधी एका बाहेरच्या संस्थेकडे नोंदणी करून कार्ड काढायला सांगतात. मौज करायला निघालेल्या माणसाने आधी आपल्या दुखण्याचा दाखला अपलोड करायचा!

विकलेल्या जागेचा हिशेबही कुणी नीट मांडत नाही. समजा, एका राइडमध्ये तासाला १,२०० माणसं बसतात आणि साध्या रांगेत तुमच्यापुढे ८०० जण आहेत. विकतची वाट नसेल तर ४० मिनिटांत तुमचा नंबर येईल. पण तासाच्या ८०० जागा पासवाल्यांना दिल्या, तर साध्या रांगेला उरतात ४००. तीच रांग आता दोन तासांची. राइडचा वेग वाढलेला नाही, एकही पाळणा जास्त लागलेला नाही. पैसेवाल्याने वाचवलेली मिनिटं दुसऱ्या कुणाच्या तरी पोटऱ्यांवर चढली, इतकंच. आणि साधी रांग जितकी लांबते तितकी तिच्यात उभं राहू न शकणाऱ्यांची संख्या वाढते. ४० मिनिटं कशीबशी उभी राहणारी आजी दोन तास उभी राहू शकत नाही. म्हणजे पार्क एका हाताने दिव्यांग तयार करतं आणि दुसऱ्या हाताने त्यांच्याकडे दाखला मागतं. खोपोलीजवळच्या इमॅजिकामुळे एक्स्प्रेस तिकिटाची कल्पना आपल्यालाही नवी नाही. देवाच्या दारातसुद्धा सशुल्क दर्शनाचा पास मिळतो, तिथे पाळण्याची काय कथा.

आता हे सारं घेऊन सनाय्यात या.

इथला माणूस इथे पोचतो तोच आपण निरोगी आहोत हे सिद्ध करून. भारतातून कतारला कामाला येणाऱ्याची वैद्यकीय तपासणी आता मुंबईसारख्या शहरांतल्या कतार व्हिसा केंद्रातच होते. ‘फिट’ शिक्का बसला तर पुढचा कागद हलतो. नोकरीच्या अगदी पहिल्या पायरीवर त्याला जे शिकवलं जातं ते हे, की शरीरात काही कमी असेल तर तोंड उघडू नकोस. मग तो साइटवर जातो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०२० या एका वर्षात कतारमध्ये कामावरच्या अपघातांत ५० कामगार मेले, ५०० हून थोडे अधिक गंभीर जखमी झाले आणि किरकोळ ते मध्यम जखमा झालेल्यांची संख्या ३७,६०० होती. कारणं तीच, साइटवरच्या प्रत्येकाला पाठ असलेली: उंचीवरून पडणं, रस्त्यावरचे अपघात, वरून पडणाऱ्या वस्तू. कायद्यात कामावरच्या दुखापतीसाठी उपचार आणि भरपाई दोन्ही आहेत. सनाय्यातच पुरुष कामगारांसाठी ११८ खाटांचं हज्म मबैरीक रुग्णालय २०१८ पासून चालू आहे. हे सगळं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण बरं झालेल्या, म्हणजे पुरतं बरं न झालेल्या माणसाचं पुढे काय? ज्याचं अपंगत्व कागदावर चढलं तो बहुधा परतीच्या विमानात बसतो. म्हणून सनाय्यात व्हीलचेअर क्वचित दिसते आणि लंगडणारी माणसं मात्र दिसत राहतात. साखर वाढलेली, कंबर धरलेली, एका कानाने कमी ऐकू येणारी. अधिकृतपणे ती सगळी फिट.

अशा माणसाला डिस्नेचं कार्ड द्या, तो घेईल? ईदच्या सुट्टीत कंपनीच्या बसने तो एखाद्या पार्कात आला, दारावर फलक आहे: ‘विशेष गरजा असलेल्यांनी नोंदणी करावी’. बाजूला फोरमन उभा आहे, कॅम्प बॉस उभा आहे, सोबत खोलीतले बाकीचे. त्यांच्यादेखत तो म्हणेल की मला उभं राहवत नाही? शक्यच नाही. तो दोन तास उभा राहील, नाहीतर ‘मला पाळण्यात बसायचंच नाही’ म्हणून भिंतीला टेकून बाकीच्यांचे फोटो काढेल. दाखला मागणारी प्रत्येक सोय अशी असते. ज्याच्या मागे वकील, डॉक्टर आणि ईमेल आहे, तो ती मिळवतो. दुखणं कबूल केल्याने ज्याची रोजी जाऊ शकते, त्याच्यासाठी ती सोय नसल्यातच जमा. हे फक्त सनाय्याचं म्हणून सोडून देऊ नका. पुण्यात मुलीचं लग्न जमेपर्यंत तिची फेफरं लपवणारं कुटुंब मुलीसाठी असं कार्ड काढेल का?

वेगळी सोय करून मोकळं होण्याची हौसही इथे पाहून घेण्यासारखी आहे. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाचं उद्घाटन २० नोव्हेंबरला अल बैत स्टेडियममध्ये झालं, तेव्हा अभिनेते मॉर्गन फ्रीमन यांच्या समोर गानिम अल मुफ्ताह हा तरुण होता. जन्मापासून कमरेखालचं शरीर नसलेला हा कतारी तरुण साऱ्या जगाने पाहिला. स्टेडियममध्ये गोंगाट न सोसणाऱ्या मुलांसाठी शांत खोल्या होत्या, दृष्टिहीनांसाठी सामन्याचं कानात ऐकू येणारं वर्णन होतं. हे सगळं मनापासून आणि उत्तम केलेलं होतं. मनात आणलं, पैसा ओतला की काय होऊ शकतं याचा तो पुरावाच. आणि ती स्टेडियमं ज्यांनी बांधली त्यांच्यासाठी? सनाय्याला लागून असलेल्या एशियन टाउनच्या क्रिकेट मैदानावर मोठा पडदा लावून वेगळा फॅन झोन केला होता. रहिवाशांसाठी ४० रियालची तिकिटं निघाली होती, म्हणजे महिन्याला १,००० रियाल या किमान मूळ पगाराच्या हिशेबाने साधारण एका दिवसाची मजुरी. ज्यांना मिळाली ते प्रत्यक्ष मैदानावर गेलेही. बाकीच्यांनी पडद्यावर पाहिलं. तिथला जल्लोष खरा होता, त्या संध्याकाळी हजारो माणसं तिथे खूष होती, त्यांच्या आनंदाला नाक मुरडणारे आम्ही कोण? पण आखणी काय होती ते विसरू नये. २०१० च्या १५ क्रमांकाच्या कायद्याने कौटुंबिक वस्त्यांत कामगारांचे कॅम्प ठेवायला बंदी आहे. मॉलमध्ये ‘फॅमिली डे’ म्हणून शुक्रवारी एकट्या पुरुषांना सुरक्षारक्षक दारावरून परत पाठवत, हे दोह्यात जुनं राहिलेल्या कुणालाही विचारा. त्याच रेषेवर पुढे वेगळं मैदान, वेगळा पडदा. रांगेचं व्यवस्थापन करायची एक युक्ती अशीही असते, की काही माणसांना त्या रांगेपर्यंत येऊच द्यायचं नाही.

दिव्यांगांचं वेगळं दार आणि कामगारांचं वेगळं मैदान ही एका पोटची भावंडं आहेत. दोन्हींत ‘तुमच्याचसाठी’ असं म्हटलेलं असतं आणि दोन्हींत मुख्य दार जसं होतं तसंच राहतं.

तेव्हा आमचं म्हणणं थोडक्यात असं: कुणाला काय झालंय हे विचारूच नका. सगळ्यांची रांग बसती करा. दारातून आत आल्यावर नंबर द्या, सावली द्या, बाकडी टाका, पाणी आणि शौचालय हाकेच्या अंतरावर ठेवा, आणि नंबर आला की बोलवा. ज्याला उभं राहायचं असेल तो खुशाल उभा राहील. असं केलं की फसवणुकीचा प्रश्नच मिटतो, कारण लबाडी करून मिळवण्यासारखं काही उरत नाही. वेळ सगळ्यांना तेवढाच लागणार. मॅनहॅटनच्या आईने खुर्चीवर बसण्यासाठी कुणाला ताशी १३० डॉलर दिले असते?

यात नवं काही नाही. तिरुमलाच्या वैकुंठम् क्यू कॉम्प्लेक्समध्ये भाविक कित्येक वर्षं खोल्याखोल्यांतून बसून वाट पाहतात. शिर्डीत ऑक्टोबर २०२३ मध्ये नवं दर्शनरांग संकुल सुरू झालं, त्यात दहा हजारांहून जास्त भाविक बसतील अशी व्यवस्था आहे. शिर्डीच्या संस्थानाला जे साधलं ते तिकिटाचे हजारो रुपये घेणाऱ्या पार्कांना का साधू नये? पंढरपुरात आषाढीला दर्शनबारी गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते आणि तिथे म्हाताऱ्या वारकऱ्यांना तासन्‌तास तिष्ठावं लागतं. विटेवर तो उभा आहे म्हणून भक्तांनीही उभंच राहिलं पाहिजे असा काही नियम नाही. बँकेत टोकन आहे, रुग्णालयात आहे, दोह्यातल्या सरकारी कचेऱ्यांतही आहे. फक्त मौजेच्या जागी माणसाने ताटकळावं हा हट्ट कशासाठी? पार्कवाले खासगीत कारण सांगतील: बसलेला माणूस जागा जास्त व्यापतो, आणि बाकड्यावर बसलेला माणूस पॉपकॉर्न घ्यायला फिरत नाही. दुसरं कारण खोटं आहे. नंबर हातात असलेला माणूसच जास्त फिरतो. पहिलं खरं आहे, आणि त्याची किंमत त्यांनी मोजावी.

एका गोष्टीत मात्र पार्कांची बाजू घ्यायला हवी. जुलै २०११ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या डॅरियन लेक पार्कात दोन्ही पाय गमावलेला एक माजी सैनिक रोलर कोस्टरमधून फेकला जाऊन मेला. मांड्यांवर अडकणाऱ्या पट्ट्याला धरायला मांड्याच नव्हत्या. राइडच्या यंत्राची स्वतःची अट असते आणि ती भावनेच्या भरात सोडून चालत नाही. पण ती अट पाळण्यात बसतानाची आहे, रांगेतली नाही. बरेच पार्कवाले या दोन्ही गोष्टींची सरमिसळ करतात आणि ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ हे दोन शब्द उंबरठ्यावरच फेकतात, म्हणजे रॅम्प बांधायला नको.

कायदे दोन्हीकडे आहेत. कतारने २००४ मध्येच दिव्यांगांसाठी २ क्रमांकाचा कायदा केला. दिव्यांगांच्या हक्कांबाबतचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ मध्ये आणि कतारने २००८ मध्ये मान्य केला, त्यातल्या ३० व्या कलमात करमणूक आणि पर्यटन स्पष्ट शब्दांत आहेत. आपला २०१६ चा कायदा २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची यादी देतो. सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात नोव्हेंबर २०२४ मध्ये सुगम्यतेचे नियम नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाहीत, ते बंधनकारक करा, असं सरकारला सांगितलं. नियम करणाऱ्यांनी त्यात एक ओळ रांगेसाठी लिहावी. आज रॅम्पचा उतार किती असावा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. माणसाला किती मिनिटांहून जास्त उभं ठेवू नये हे सांगणारं कुणी नाही. कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करायला बंदी आहे, आणि तो नियम चांगला आहे. पण तो कामाचा आहे. साडेपाचला सुटलेला माणूस बससाठी, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरी पैसे पाठवायच्या एक्स्चेंजसमोर, शुक्रवारी करमणुकीच्या दारात त्याच उकाड्यात उभा असतो आणि तिथे कुठलंही परिपत्रक त्याच्या डोक्यावर छप्पर धरत नाही.

दोह्यातल्या मराठी मंडळींना एक सांगायचं आहे. तुमच्यातले पुष्कळ जण साइट इंजिनीअर, सेफ्टी ऑफिसर, एचआरमध्ये आहात. कंपनीची ईदची सहल, कामगार दिनाचा कार्यक्रम, आरोग्य शिबिर तुमच्याच टेबलावरून मंजूर होतं. तिथे सुरुवात करायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. शंभर प्लास्टिकच्या खुर्च्या, एक तंबू, दोन मोठे पंखे, नंबरांची चिठ्ठी. नंबर नुसता पडद्यावर दाखवू नका, मोठ्याने पुकारा, आणि इंग्रजी-अरबीसोबत हिंदी, नेपाळी, बंगाली, मल्याळममध्ये पुकारा. अक्षर न येणारा आणि डोळ्यांनी कमी दिसणारा, दोघांचंही काम त्यात भागतं. पुकारणारा माणूस त्याच कॅम्पातला घ्या, म्हणजे नाव-नंबराचे उच्चार तरी नीट होतील.

२०२७ मध्ये बास्केटबॉलचा विश्वचषक दोह्यात आहे, २०३० मध्ये आशियाई क्रीडा स्पर्धा. पुन्हा पडदे लागतील, पुन्हा फॅन झोनच्या निविदा निघतील, आणि त्या निविदांचे मसुदे करणाऱ्यांत आपले लोक असतीलच. किती लोक मावतील याच्या रकान्याशेजारी किती लोक बसून थांबतील असा एक रकाना घाला. आणि तो फक्त एशियन टाउनच्या मसुद्यात नको, शहरातल्या समुद्रकाठच्या कॉर्निशच्याही मसुद्यात हवा. म्हणजे सनाय्याहून बस करून आलेला आणि पर्लसारख्या श्रीमंत वस्तीतून गाडी घेऊन आलेला, दोघांच्या हातात एकाच गड्ड्यातले नंबर येतील.